पुण्यातली नॅशनल मूट कोर्ट स्पर्धा: बेंचसाठी नक्की जा, बाकीच्याची तयारी ठेवून जा

पुण्यातल्या एका लॉ कॉलेजच्या नॅशनल मूटला आमची टीम यंदा जाऊन आली, मी रिसर्चर होते आणि माझे दोन वर्गमित्र स्पीकर. आम्ही सांगलीकडचे, पाच वर्षांच्या कोर्सच्या चौथ्या वर्षाला. कॉलेजचं नाव इथे टाकत नाही, आयोजकांना मेल करून सगळं वेगळं कळवलंय. पण पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या कॉलेजमधून कोणी जायचा विचार करत असेल तर त्यांना नीट माहिती मिळावी म्हणून हे लिहितेय, कारण आम्ही जायच्या आधी शोधलं तेव्हा फक्त बक्षिसाची रक्कम आणि बॅनरचे फोटो सापडले, आत काय होतं हे कुणीच लिहिलं नव्हतं.

माझं मत आधीच सांगते. जा. प्रिलिम्सच्या (सुरुवातीच्या फेऱ्यांच्या) दोन राउंडमध्ये आम्हाला जे बेंच, म्हणजे समोर बसलेले जज, मिळालं तसं बेंच मिळणार असेल तर साडेचार हजार फी, प्रवास, रात्रीची जागरणं सगळं वसूल आहे. मूटमध्ये ट्रॉफी, किट बॅग, उद्घाटनाला कोण आलं होतं याला काडीचाही अर्थ नसतो, समोर बसलेल्या माणसाने प्रॉब्लेम (स्पर्धेसाठी दिलेला काल्पनिक खटला) आणि तुमचं मेमोरियल (लेखी युक्तिवाद) वाचलंय का, एवढंच बघायचं असतं. इथे बहुतेकांनी वाचलं होतं. बहुतेक म्हणतेय, सगळ्यांनी नाही, ते पुढे येईलच.

लॉच्या बाहेरच्या लोकांसाठी थोडक्यात. मूट म्हणजे सिनेमातला खटला नाही. साक्षीदार नसतो, उलटतपासणी नसते, ते मॉक ट्रायलमध्ये असतं. मूटमध्ये खालच्या कोर्टाचा निकाल लागून गेलेला असतो, पुरावा जो यायचा तो रेकॉर्डवर आलेला असतो, आणि तुम्ही अपिलात उभे राहून सांगायचं असतं की त्या निकालात कायद्याचं काय चुकलं किंवा का चुकलं नाही. दोन्ही बाजूंची मेमोरियल लिहायची, अपिलंटचं (अपील करणाऱ्याचं) निळं कव्हर आणि रिस्पॉन्डंटचं (समोरच्या बाजूचं) लाल, आणि कुठल्या बाजूने बोलायचं हे आदल्या संध्याकाळी लॉट काढून ठरतं, म्हणजे सकाळी ज्या मुद्द्यासाठी भांडलात तोच मुद्दा दुपारी खोडायचा.

बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे हे सगळ्याच लॉच्या मुलांना करावं लागतं, शेवटच्या टप्प्यातल्या प्रॅक्टिकल पेपरमध्ये मूटला ३० मार्क आहेत, तीन मूट आणि प्रत्येकी १०, त्यातले ५ लिहिण्याचे आणि ५ बोलण्याचे. पण बऱ्याच कॉलेजांत ते कसं होतं हे आपल्याला माहीत आहे. सिनियर दादाची जुनी फाइल, नावं बदललेली, आणि मान खाली घालून वाचन. मॅडम म्हणतात छान, पुढचा रोल नंबर. म्हणून बाहेरची एक तरी स्पर्धा करावी असं मला मनापासून वाटतं, तिथे पहिल्यांदा कोणीतरी तुमचं वाक्य मध्येच तोडतं.

आता प्रॉब्लेम, कारण ही स्पर्धा सगळ्यात जास्त कुठे आवडली असेल तर प्रॉब्लेममध्ये. काल्पनिक देश, कायदे भारताच्या कायद्यांशी पॅरी मटेरिया, म्हणजे तेच, ते नेहमीचंच. थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलच्या खोलीत एका माणसाचा खून, घटना २०२२ ची, आरोपी त्याचा धंद्यातला पार्टनर. पाहिलेला साक्षीदार एकही नाही. सेशन्स कोर्टाने जन्मठेप दिली, हायकोर्टाने कायम केली, आता सुप्रीम कोर्टात अपील. पुरावा काय, तर दोघं शेवटचे एकत्र दिसले, पैशावरून वाद होता, आणि हॉटेलच्या कॉरिडॉरचं सीसीटीव्ही फुटेज जे पोलिसांनी पेनड्राइव्हवर कॉपी करून आणलं, ज्याला पुरावा कायद्याच्या ६५ब कलमाचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, सर्टिफिकेट जोडलेलंच नाही. इथपर्यंत वाचलं की कोणालाही वाटतं सोपं आहे, सर्टिफिकेट नाही म्हणजे फुटेज बाद, आरोपी सुटला. पण प्रॉब्लेमच्या शेवटच्या पानांत कुठेतरी एक ओळ होती की फुटेज एक्झिबिट झालं, म्हणजे पुरावा म्हणून रेकॉर्डवर घेतलं, तेव्हा बचाव पक्षाने हरकत घेतल्याची नोंद रेकॉर्डवर नाही. अख्खं अपील त्या एका ओळीवर उभं आहे, आणि ज्याने ती ओळ लिहिली त्याला खरंच सलाम.

कारण बघा, सर्टिफिकेट लागतंच हे आता पक्कं आहे. तो निकाल आपल्या जालन्याचा आहे, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, २०२०. २०१४ च्या विधानसभेला २९६ मतांनी निकाल लागला होता आणि वाद असा की उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरला की नंतर, आणि त्यासाठी रिटर्निंग ऑफिसरच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग दाखवायचं होतं. सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर सर्टिफिकेट बंधनकारक आहे, २०१४ च्या अन्वर निकालात म्हटलं तेच बरोबर. म्हणजे अपिलंट खुश. पण २०१७ चा सोनू उर्फ अमर विरुद्ध हरियाणा वाचला की रिस्पॉन्डंट खुश, कारण तिथे म्हटलंय की सर्टिफिकेट नाही ही हरकत पुरावा सिद्ध करण्याच्या पद्धतीबद्दलची आहे, ती ट्रायलमध्येच घ्यायला हवी होती, तेव्हा घेतली असती तर समोरच्याने सर्टिफिकेट आणून त्रुटी दुरुस्त केली असती, आता अपिलात पहिल्यांदा घेता येणार नाही.

आमच्या पहिल्या राउंडला बेंचवर दोघं होते, एक हायकोर्टात क्रिमिनल साइडला प्रॅक्टिस करणाऱ्या वकील मॅडम आणि एक रिटायर्ड जिल्हा न्यायाधीश सर. आमचा स्पीकर वन अपिलंटसाठी उभा राहिला, खोतकरचा परिच्छेद म्हणायला लागला आणि पहिल्या मिनिटाभरातच मॅडम म्हणाल्या, काउन्सेल, खोतकर आम्ही वाचलाय, तुमच्या अशिलाने ट्रायलला हरकत घेतली होती का, रेकॉर्डवरचं पान दाखवा. तो म्हणाला नाही घेतली. मग सोनू तुमच्या आड येतं की नाही? तो म्हणाला सोनू दोन न्यायमूर्तींचं आहे आणि अन्वर तीन न्यायमूर्तींचं, त्यामुळे अन्वर वरचढ. सर हसले आणि म्हणाले, पण सोनूमध्ये अन्वरची चर्चा केलेली आहे ना, ते अन्वरच्या विरोधात गेलेत की अन्वरने न सोडवलेल्या प्रश्नाचं उत्तर देतायत? हा प्रश्न मी मागे बसून ऐकला आणि अंगावर काटा आला, कारण फरक खरंच तिथेच आहे. पुरावा मुळातच अग्राह्य आहे की फक्त सिद्ध करायची पद्धत चुकली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुळातच अग्राह्य असेल तर हरकत कधीही घेता येते. मी चिठ्ठी लिहून पुढे सरकवली, नियमात रिसर्चरने बोलायचं नव्हतं पण चिठ्ठी चालत होती, आणि त्याने तो धागा पकडला.

मग मॅडमनी जे केलं ते मला वर्षानुवर्षं लक्षात राहील. म्हणाल्या, ठीक आहे, वादापुरतं धरून चालू की फुटेज बाजूला ठेवलं, आता पुराव्याच्या साखळीत काय उरलं ते सांगा, आणि समजा फुटेज राहिलं, तर साखळी तेवढ्याने पूर्ण होते का तेही सांगा. म्हणजे पहिला मुद्दा हरलात तरी अपील हरत नाही हे त्या शिकवत होत्या, प्रश्न विचारून. इथे शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य कामाला येतं, १९८४ चा, पुण्याचीच केस. तिथे सेशन्सने फाशी दिली, मुंबई हायकोर्टाने कायम केली आणि सुप्रीम कोर्टाने सोडलं, आणि परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं सांगितली ज्याला निकालातच पंचशील म्हटलंय. परिच्छेद १५३. लॉचा प्रत्येक विद्यार्थी ते पाच मुद्दे पोपटासारखे म्हणतो, आमच्या स्पीकर टूने पण म्हणायला सुरुवात केली, तर सरांनी थांबवलं आणि विचारलं, पहिल्या तत्त्वात मस्ट आणि मे यांचा फरक कुठून आलाय? तो शिवाजी साहेबराव बोबडे, १९७३, तो पण महाराष्ट्राचाच. तिला आलं. सरांनी मान डोलावली आणि म्हणाले, मग आता आरोपी दोषी असू शकतो आणि दोषी असलाच पाहिजे यामधलं अंतर या केसच्या फॅक्ट्सवर मोजून दाखवा. पाठांतर तिथे संपतं. पुढची सगळी मिनिटं फॅक्ट्सवर, हॉटेलच्या खोलीला दुसरं दार होतं का, शेवटचं एकत्र दिसणं आणि मृत्यूची वेळ यात किती तासांचं अंतर, त्या वेळात तिसरा कोणी येऊ शकला असता का.

दुसऱ्या राउंडला आम्ही रिस्पॉन्डंट, तिथे पण बेंच तयारीचं. त्यांनी तर सुरुवातच अशी केली की दोन्ही खालच्या कोर्टांनी एकच निष्कर्ष काढलाय, तर राज्यघटनेच्या १३६ कलमाखाली आम्ही त्यात हात का घालावा हे समोरच्याला विचारलं आणि आमच्या स्पीकरला विचारलं की हात घालूच नये असं तुमचं म्हणणं असेल तर तुमच्या मेमोरियलच्या अमुक पानावर तुम्हीच उलट का लिहिलंय. पान नंबर सांगून! मी लिहिलेलं पान कोणीतरी एवढं बारकाईने वाचलंय हे बघून मला काय वाटलं ते शब्दांत येणार नाही. कॉलेजमध्ये आमची फाइल वजनावर तपासतात.

नवीन कायद्याचा प्रश्न पण आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, ६५बच्या जागी आता कलम ६३ आणि सर्टिफिकेटचे दोन भाग, भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा). पण या प्रॉब्लेममधली ट्रायल त्याआधीच सुरू झालेली, आणि नव्या कायद्याच्याच १७० कलमाप्रमाणे चालू असलेल्या प्रकरणांना जुनाच कायदा. दोन-तीन टीमनी सरसकट ६३ लिहून टाकलं होतं असं नंतर चहाच्या टेबलावर कळलं. प्रॉब्लेममधल्या तारखा पेन्सिलने एका कागदावर लिहून काढा, खूप गोष्टी तिथेच सुटतात.

आता क्वार्टर फायनल. इथे मी मनातलं स्पष्ट लिहिणार आहे. बेंच वेगळं होतं, तिघं होते, सकाळचं सेशन लांबलं म्हणून आमची राउंड दुपारच्या जेवणानंतरची थेट संध्याकाळी लागली आणि त्यातल्या दोघांनी प्रॉब्लेम वाचला नव्हता. हे लपत नाही. पहिला प्रश्न, तुम्ही कोणातर्फे? दुसरा प्रश्न, खुनाची व्याख्या सांगा. मग खून आणि सदोष मनुष्यवध यातला फरक, जो या अपिलात मुद्दाच नाही. आमच्या स्पीकरने खूप नम्रपणे रेकॉर्डकडे वळवायचा प्रयत्न केला, वेळ त्यातच गेला. आम्ही हरलो, समोरची टीम चांगलीच होती आणि कदाचित तशीही जिंकली असती, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुलांनी कितीतरी रात्री घालवून लिहिलेलं असतं, आणि बेंचवर बसणाऱ्याने गाडीत बसून का होईना पंधरा पानं वाचून यायला हवीत. आयोजकांनी प्रत्येक जजना बेंच मेमो दिला होता म्हणे, म्हणजे मुद्द्यांचं टिपण, पण दिला आणि वाचला यात फरक आहे, आणि तो बघायची जबाबदारी आयोजकांचीच. बाद फेरीला जज कमी पडत असतील तर प्रिलिम्समधल्या चांगल्या जजना थांबवून घ्या, पण असं करू नका.

दुसरी मोठी तक्रार मार्कांची. आम्हाला फक्त टोटल मिळाली. मेमोरियलचे किती, बोलण्याचे किती, कायद्याचे ज्ञान, फॅक्ट्सचा वापर, प्रश्नांची उत्तरं, वागणूक, असे रकाने स्कोअर शीटवर असतातच, मग ते टीमला द्यायला काय हरकत आहे? मुलं शिकायला येतात. जजनी तोंडी फीडबॅक दिला तो उत्तम होता पण लिहिलेलं हातात असलं की कॉलेजला जाऊन ज्युनियर्सना दाखवता येतं.

भाषेबद्दल जरा लिहायचंच आहे. स्पर्धा इंग्रजीत आहे, नियमात तसं स्पष्ट आहे, आणि ते समजण्यासारखं आहे कारण राज्यघटनेच्या ३४८ कलमाप्रमाणे सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत. पण आपल्या जिल्हा कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, आमच्यातले बरेच जण तिथेच वकिली करणार आहेत, आणि आमच्या स्पीकर टूचं बारावीपर्यंतचं सगळं शिक्षण मराठीत झालंय. दुसऱ्या राउंडला ती एका प्रश्नावर अडकली, उत्तर माहीत होतं पण वाक्य जुळेना. बेंचवरचे एक सर म्हणाले, बेटा आधी मराठीत सांगा आणि मग इंग्रजीत सांगा, आम्हाला दोन्ही कळतं. तिने मराठीत एका दमात सांगितलं, इतकं स्वच्छ की समोरची टीम पण बघत राहिली, आणि मग इंग्रजीतही आलं. तसं बोलल्याबद्दल मार्क कापले असतील का माहिती नाही पण तो क्षण मला या स्पर्धेचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. उलट क्वार्टरला एका जजनी उच्चारावर टिप्पणी केली, कायद्यावर एक शब्द नाही. माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे की स्कोअर शीटवर उच्चाराचा विचार करू नये असं सरळ छापा. मुद्दा कळला की झालं.

संबोधनाचं टेन्शन घेऊन बरेच ज्युनियर येतात म्हणून सांगते, ओरिएंटेशनला त्यांनी सांगितलं की लॉर्डशिप म्हणा किंवा युअर ऑनर म्हणा, दोन्ही चालेल. बार काउन्सिलने २००६ मध्येच युअर ऑनर किंवा ऑनरेबल कोर्ट म्हणा असं सुचवलेलं आहे. एक काहीतरी पकडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

राहायची सोय कॉलेजच्या हॉस्टेलवर, स्वच्छ, मुलींसाठी वेगळी आणि सोबतीला व्हॉलंटियर ताई रात्री पण फोन उचलत होत्या. जेवण साधं, ठीक. कोर्ट मास्टर म्हणून बसलेली फर्स्ट इयरची मुलं वेळ अगदी काटेकोर दाखवत होती, त्यांचं कौतुक. रिसर्चर टेस्ट पण घेतली, लेखी, प्रॉब्लेमवरच आधारित, त्याला वेगळं बक्षीस. रिसर्चरकडे कोणी बघत नाही अशा जगात हे फार चांगलं आहे. फक्त ती टेस्ट ड्रॉ ऑफ लॉट्सच्या वेळेलाच ठेवली होती, म्हणजे टीमला गरज असते नेमकी तेव्हा मी परीक्षेला, ती वेळ बदला.

पैसे कमी असलेल्या कॉलेजसाठी, पेड डेटाबेस नसला म्हणून मागे हटू नका. सुप्रीम कोर्टाचे निकाल ईएससीआरवर (कोर्टाचा अधिकृत ऑनलाइन संग्रह) २०२३ पासून फुकट आहेत, इंडियन कानून ही वेबसाइट तर आहेच, वर सांगितलेले सगळे निकाल तिथे मिळतात. साइटेशन (निकालांचे संदर्भ) ब्लूबुक या पुस्तकातल्या पद्धतीप्रमाणे मागतात आणि चुकलं की मार्क कापतात, ते काम शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. आणि खरं अपील बघून या. आम्ही कोल्हापूरला जाऊन बसलो होतो, तिथलं हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ ला सुरू झाल्यापासून आपल्या सहा जिल्ह्यांच्या मुलांना मुंबई गाठायची गरज नाही. क्रिमिनल अपील चालताना मागे बसून नुसतं ऐका, वकील फाइलमधून पान कसं काढून दाखवतात ते बघा. आमच्या स्पीकरची निम्मी भीती तिथेच गेली.

कोणी जाऊ नये? ज्यांना फक्त सर्टिफिकेट हवंय त्यांनी. फर्स्ट इयरच्या मुलांनीही थोडं थांबावं, पुरावा कायदा शिकून झाल्याशिवाय असा प्रॉब्लेम झेपत नाही, आधी आपल्या कॉलेजची इंट्रा (अंतर्गत मूट) करा.

माझ्याकडून पाचपैकी चार. प्रॉब्लेम आणि प्रिलिम्सच्या बेंचला पाच, क्वार्टरच्या बेंचला आणि मार्क न देण्याला दोन, हिशोब तुम्ही करा. आयोजकांचं उत्तर आलंय, पुढच्या वेळी पूर्ण स्कोअर शीट देण्याचा विचार करू म्हणालेत. आणि जाणार असाल तर रजिस्ट्रेशनपेक्षा क्लॅरिफिकेशन (प्रॉब्लेममधल्या शंकांचा खुलासा) मागायची शेवटची तारीख आधी लिहून ठेवा, ती लवकर संपते, आणि प्रॉब्लेममध्ये जिथे गप्प बसलेत तिथलाच प्रश्न विचारा. खोलीच्या दुसऱ्या दाराबद्दल आमच्या आधी कुणीतरी विचारलं होतं म्हणून ते सगळ्यांना कळलं.